भस्मासुराला वर कोणी दिला?

१९८६ च्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत असताना, खाप्याच्या वाचनालयात वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' माझ्या हाती आले. पुठ्ठा सुटलेला होता. ग्रंथपालांनी तो सुतळीने बांधून दिला आणि पंधरा दिवसांचा शिक्का मारला. मी ते चार दिवसांत संपवले. पुढच्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेत मी हिटलरवर बोललो. पराभूत, उपाशी, अपमानित देश एका माणसाने सहा वर्षांत कसा उभा केला, असा विषय. शेवटी ज्यूंबद्दल दोन वाक्ये होती, 'मात्र' या शब्दाने सुरू होणारी. पहिला नंबर आला, स्टीलचा डबा मिळाला.

वडील मागावर बसायचे, आई कांड्या भरायची. मी घरी ते भाषण पुन्हा म्हणून दाखवले. वडिलांनी धोटा न थांबवता विचारले, "एकट्यानंच केलं म्हनतं का सारं? मंग त्याच्या कांड्या कोनं भरल्या?" मला राग आला. अडाणी माणसाचा प्रश्न, असे वाटले.

माझे शिक्षण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाशी थांबले. इतिहास मी वाचनालयांत आणि जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांत शिकलो. जर्मन, इटालियन येत नाही, इंग्रजीवर भिस्त. तरी गेली वीसेक वर्षे एक गोष्ट माझा पिच्छा सोडत नाही. ज्या पुस्तकाच्या नावातच त्या माणसाला असुर म्हटले आहे, ते वाचून मी त्या असुराचा भाट कसा झालो? हा दोष कानिटकरांचा नाही. त्यांचा निवाडा मुखपृष्ठावर छापलेला आहे. पण मी एकटाच तसा वाचक होतो असेही नाही. नागपूरच्या स्टेशनवर आजही हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते. विकणाऱ्याने ते चुकून तिथे ठेवलेले नाही, त्याला त्याचे गिऱ्हाईक ठाऊक आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात ज्या राजवटी उभ्या राहिल्या, त्या मराठीने कोणत्या शब्दांत पाहिल्या, हे तपासावे असे मला वाटू लागले ते यातून.

सर्वांत रुळलेला शब्द हुकूमशाही. हुकूम सोडणारे तोंड त्यात दिसते, हुकूम ऐकणारे कान दिसत नाहीत. पु. ग. सहस्रबुद्धे यांनी 'लोकसत्तेला दंडसत्तेचे आव्हान' या ग्रंथाच्या नावात दंडसत्ता हा शब्द योजला. तो अधिक नेमका आहे, पण त्यातही दंडा दिसतो आणि दंडा धरणारा हात दिसतो. तिसरा शब्द अभ्यासकांचा: सर्वंकष. हा मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याचीच आपण सर्वांत जास्त हेळसांड केली आहे. 'कष्' म्हणजे घासणे, खरवडणे. आपली कसोटी त्याच धातूची. सर्वंकष म्हणजे सगळे खरवडून काढणारा. मल्लिनाथाने 'शिशुपालवधा'वरच्या आपल्या टीकेला 'सर्वंकषा' हे नाव दिले, कारण तिच्यातून काही सुटणार नव्हते. टीकेत हा गुणच. राज्यात तो आला की शाळा, संघटना, गाण्याची मैफल, जेवणाच्या टेबलावरचे बोलणे, काहीच खरवडल्यावाचून राहत नाही.

युरोपात या शब्दाचा जो भाऊ आहे, त्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. १९२३ च्या मे महिन्यात इटलीतले एक विरोधी नेते आणि पत्रकार जोव्हान्नी आमेंदोला यांनी 'तोतालितारिओ' हे विशेषण वापरले. निमित्त साधे होते, स्थानिक निवडणुकांचे. फॅसिस्टांनी बहुमतवाल्यांची यादी आपली उभी केलीच, शिवाय अल्पमतवाल्यांची यादीही आपलीच उभी केली. सत्ताही आम्ही आणि विरोधही आम्हीच. आमेंदोलांनी शब्द काढला तो शिवी म्हणून. १९२५ साली मुसोलिनीने तोच शब्द उचलून बिल्ल्यासारखा छातीवर लावला. त्याच वर्षी फॅसिस्टांच्या टोळीने आमेंदोलांना बेदम मारले आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते परदेशात वारले. शब्द मात्र ज्यांना लागायला हवा होता त्यांच्याच अंगावर मिरवू लागला. आमच्याकडेही फार वेगळे झालेले नाही. 'सर्वंकष विकास', 'सर्वंकष आढावा', 'सर्वंकष धोरण' हे वर्तमानपत्रात रोज येते आणि ते स्तुतीसाठीच येते. खरवडण्याचा आवाज त्यातून निघून गेला.

आता मूळ काळाकडे. फॅसिझमवर मराठीत पुस्तक फार लवकर आले. 'केसरी'चे लंडनचे बातमीदार डी. व्ही. ताम्हणकर यांचे 'मुसोलिनी आणि फॅसिस्मो' १९२७ सालचे. तेव्हा जर्मनीत हिटलरला कोणी फारसे विचारत नव्हते. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला अवघी २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. मार्झिया कासोलारी या इटालियन अभ्यासक बाईंनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त २००० साली या विषयावर जो लेख लिहिला, त्यात १९२४ ते १९३५ या काळात 'केसरी'त इटली आणि मुसोलिनीवर सातत्याने येत असलेल्या मजकुराकडे लक्ष वेधले आहे. मागासलेला, गोंधळलेला देश शिस्तीच्या जोरावर पहिल्या रांगेत आला, याचे त्या लेखकांना अप्रूप होते.

त्यांना आज झोडपणे सोपे आहे. आपल्याला १९४५ माहीत आहे, त्यांना १९२७ माहीत होते. त्याच वर्षी रोमला गेलेल्या चर्चिलनेही मुसोलिनीची मोकळ्या मनाने तारीफ केली होती. आणि चर्चिल तर राज्यकर्त्यांच्या देशाचा. ज्याला रोज गोऱ्या साहेबापुढे वाकावे लागते, त्याला दुबळ्या देशाचा ताठ झालेला कणा दिसला तर तो आधी कण्याकडेच पाहणार. पण त्यांना माहीत नव्हते, असेही म्हणता येत नाही. समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांनी १९२४ च्या निवडणुकीतल्या दांडगाईविरुद्ध संसदेत भाषण केले. काही दिवसांनी, १० जूनला, त्यांना भर रस्त्यातून उचलून ठार मारण्यात आले. ही बातमी जगभर गेली होती. म्हणजे प्रश्न माहितीचा नव्हता, वजनाचा होता. तराजूच्या एका पारड्यात मात्तेओत्ती, दुसऱ्यात शिस्त, आणि शिस्तीचे पारडे खाली गेले.

या वजन करण्याचे सर्वांत ठळक उदाहरण आमच्या नागपूरचे आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना युरोप फिरले, मार्च १९३१ मध्ये रोमला थांबले आणि १९ मार्चला मुसोलिनीला भेटले. तिथल्या लष्करी आणि शारीरिक शिक्षणाच्या संस्था त्यांनी पाहिल्या, मुलांच्या 'बालिल्ला' संघटनेची कवायत पाहिली आणि रोजनिशीत लिहून ठेवली. कासोलारीबाईंच्या लेखाचा गाभा ही रोजनिशीच आहे. नागपुरात हा विषय काढला की बैठकीचे लगेच दोन भाग होतात. एकाला त्या भेटीत पुढचे सगळे दिसते, दुसऱ्याला ती भेट बोलण्याजोगीच वाटत नाही. मला दोघांचाही कंटाळा आला आहे. मुंजे बोअर युद्धात डॉक्टर म्हणून जाऊन आलेले गृहस्थ होते; हिंदी तरुणांना लष्करी शिक्षण मिळावे ही त्यांची तळमळ रोमच्या कितीतरी आधीची. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणसाला अधिकाराची जागा जवळजवळ नव्हती, हे लक्षात घेतले तर ती तळमळ समजते.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुंजे डोळ्यांचे डॉक्टर. त्या डोळ्यांना काय दिसले आणि काय दाखवले गेले?

बालिल्ला हे नाव १७४६ मधल्या जिनोव्हाच्या एका पोराचे टोपणनाव. परक्या ऑस्ट्रियन सैनिकांवर त्याने दगड भिरकावला आणि शहर पेटले, अशी कथा. बंडखोर पोराच्या नावाने १९२६ साली सरकारने आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची संघटना काढली, आणि तिचे काम त्या मुलांना आज्ञापालन शिकवणे. तिच्या आड येणाऱ्या बालवीरांच्या संघटना बंद केल्या. पाहुण्याला दिसते ती सरळ रांग, काळा सदरा, एका सुरातले गाणे. रांगेत नसलेले पोर दिसत नाही. मुंजे तिथे होते तेव्हा अंतोनिओ ग्राम्शी चार वर्षांहून अधिक काळ कैदेत होता. विरोधी पक्ष १९२६ मध्येच बेकायदा झाले होते. मुंजे परतले, आणि दोनच महिन्यांनी बोलोन्या शहरात आर्तुरो तोस्कानिनी या जगप्रसिद्ध संगीतकाराला नाट्यगृहाच्या दारात फॅसिस्टांनी थोबाडीत मारल्या. अपराध काय, तर मैफलीआधी पक्षाचे गाणे वाजवायला त्याने नकार दिला. त्याच वर्षी प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ मागितली गेली. देशात सुमारे बाराशे प्राध्यापक होते. नकार देणारे डझनभर.

या डझनभरांचे कौतुक सगळे करतात. माझे लक्ष उरलेल्यांकडे जाते. त्यांतले बहुतेक फॅसिस्ट नव्हते. त्यांना नोकरी होती, मुले होती, अर्धवट राहिलेले ग्रंथ होते. माझ्या वडिलांच्या भाषेत, कांड्या भरणारे ते हे.

रवींद्रनाथ ठाकूर मुंजेंच्या पाच वर्षे आधी, १९२६ मध्ये, मुसोलिनीचे पाहुणे झाले होते. त्यांनाही रांगा दाखवल्या गेल्या, आणि त्यांनीही बरे शब्द काढले. पण इटलीतून बाहेर पडल्यावर स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ भेटले, देश सोडून आलेली इटालियन माणसे भेटली आणि रवींद्रनाथांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये जाहीरपणे आपला शब्द मागे घेतला. थोरपणाचा मुद्दा मी काढत नाही. फरक इतकाच, की पळून आलेल्या माणसाजवळ ते बसले. पुढे मार्च १९३६ मध्ये, पत्नीच्या निधनानंतर परतताना नेहरूंना रोममध्ये मुसोलिनीच्या भेटीचा आग्रह झाला. ते गेलेच नाहीत.

इथे थांबलो तर लेख एका बाजूचा होईल. पाहुण्याचा हा आंधळेपणा डाव्यांनाही चुकला नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रनाथ दत्त यांच्याबरोबर मॉस्कोला गेले होते. खानखोजे नंतर मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन करत बसले आणि १९६७ साली नागपुरात वारले. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ रशियाकडे वळले, तिथेच राहिले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांना गोळी घालण्यात आली. १९३७-३८ या दोन वर्षांत स्टालिनच्या गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या कागदांनुसार ६,८१,६९२ माणसांना मृत्युदंड दिला गेला. वीरेंद्रनाथ त्यांतले एक. आमच्याकडे अण्णा भाऊ साठे 'स्टालिनग्राडचा पोवाडा' गात होते. तो पोवाडा खोटा नव्हता, त्या शहराने जे सोसले ते सोसलेच. पण नाव ज्याचे गाजत होते त्याच्या हाताखाली आधी काय घडून गेले, हे गाणाऱ्यांना ठाऊक नव्हते, आणि पुढे ठाऊक झाल्यावरही अनेकांनी तो विषय टाळला. मराठीत स्टालिनच्या नावाने 'भस्मासुर' असे शीर्षक मला अजून आढळलेले नाही.

युद्ध संपले, छळछावण्यांची छायाचित्रे आली, आणि शिस्तीची जागा असुराने घेतली. इथे मी कानिटकरांच्या शीर्षकाकडे परत येतो. माझ्या मते ते मराठीतले या विषयावरचे सर्वांत अर्थपूर्ण शीर्षक आहे, आणि त्यातले दोन शब्द एकमेकांशी भांडतात.

भस्मासुर हा रावणासारखा नाही. त्याची शक्ती त्याची स्वतःची नाही. त्याने तप केले, शंकराने वर दिला, आणि वर मिळाल्यावर तो शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. वर देणाऱ्याशिवाय भस्मासुर उभाच राहत नाही. उलट 'उदयास्त' हा सूर्याचा शब्द. सूर्य उगवतो, त्याला कोणी उगवावे लागत नाही. पहिला शब्द विचारतो की हे कोणी केले. दुसरा म्हणतो, झाले. सोळाव्या वर्षी मी दुसरा शब्द वाचला.

पहिला वाचला असता तर काय दिसले असते? नाझींच्या जुलै १९३२ मध्ये २३० जागा होत्या, नोव्हेंबरमध्ये १९६ राहिल्या. चार महिन्यांत सुमारे वीस लाख मते घटली. पक्षाची तिजोरी रिकामी, कार्यकर्ते वैतागलेले. म्हणजे तप भंग पावत असतानाच वर मिळाला. ३० जानेवारी १९३३ रोजी अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चान्सलर नेमले ते फ्रांत्स फॉन पापेन आणि मंडळींच्या सल्ल्यावरून. हिटलर धरून मंत्रिमंडळात नाझी तिघेच. आपण त्याला पगारी ठेवला आहे, तो आपल्या मुठीत राहील, अशी या खानदानी मंडळींची खात्री होती. त्याआधी दहा वर्षे रोममध्ये हेच घडले होते. फॅसिस्ट राजधानीवर चालून आले तेव्हा लष्करी कायद्याच्या कागदावर राजाने सही केली नाही, आणि मुसोलिनी मिलानहून रेल्वेच्या झोपायच्या डब्यातून पंतप्रधान व्हायला आला.

वटहुकुमाचे राज्यही हिटलरने आणलेले नाही. १९३० पासून जर्मनी घटनेच्या ४८ व्या कलमाखाली अध्यक्षांच्या वटहुकुमांवर चालत होती. १९३२ या वर्षात संसदेने पाच कायदे केले. वटहुकूम निघाले साठाहून जास्त. लोकांना हुकमाची सवय हुकूमशहाच्या आधी लागली होती.

दुसरा वर २३ मार्च १९३३ चा. सरकारला संसदेवाचून कायदे करू देणारा कायदा संसदेपुढे आला. कम्युनिस्टांचे ८१ सभासद अटकेत किंवा भूमिगत. समाजवादी लोकशाही पक्षाचे १२० निवडून आलेले, हजर राहू शकले ९४. सभागृहात गणवेशधारी पहारा. पक्षनेते ओटो वेल्स यांनी विरोधात भाषण केले आणि त्या ९४ जणांनी, एकही न फुटता, विरोधात मत दिले. बाजूने ४४४. कॅथलिकांच्या मध्यममार्गी पक्षाने आपल्या शाळा आणि चर्च सुरक्षित राहतील या आश्वासनावर होकार दिला. दोन तृतीयांश बहुमत लागत होते, ते असे मिळाले. संसदेनेच संसदेच्या डोक्यावर हात ठेवून घेतला.

तिसरा वर सर्वांत लांबट आहे आणि त्याला तारीख नाही. गेस्टापो म्हणजे भिंतीभिंतीला कान, अशी आपली कल्पना. रॉबर्ट गेलाटली या इतिहासकाराने त्यांच्या उरलेल्या फायली तपासल्या तेव्हा दिसले की माणसे पुरेशी नव्हतीच. प्रकरणांमागून प्रकरणे शेजाऱ्यांनी, सहकाऱ्यांनी, कधी नातेवाइकांनी दिलेल्या खबरीवरून सुरू झालेली. भिंतीला कान नव्हते, शेजाऱ्याला होते.

मंदीने माणसे पिसाळली होती, असे यावर उत्तर मिळते. जर्मनीत साठ लाख बेकार होते, हे खरेच. पण तीच मंदी इथेही आली होती. आमच्या खाप्याशेजारी गुमगावची मँगनीजची खाण आहे. पोलादाला मँगनीज लागते, आणि युरोप-अमेरिकेत पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या तसे १९३२ पर्यंत मध्य प्रांतातल्या मँगनीजचे उत्पादन कोसळले. भुकेने आपोआप भस्मासुर जन्मत असता तर तो कन्हानच्या काठीही जन्मला असता. भूक तपाला बसवते. वर देणारी माणसे वेगळी असतात आणि ती बहुधा पोट भरलेली असतात.

कथेचा उत्तरार्ध मात्र या शीर्षकाला पेलत नाही. पुराणात विष्णू मोहिनी होऊन येतो, असुर नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो आणि जळून जातो. हिटलरने शेवटी स्वतःला गोळी घातली, म्हणून ही उपमा चपखल वाटते. पण तोपर्यंत त्याच्या तळघराच्या वर बर्लिनच्या रस्त्यांत लाल सेना उभी होती, आणि एकट्या सोव्हिएत देशाचे सुमारे दोन कोटी सत्तर लाख लोक मेले होते. कोणी मोहिनी आली नाही. दुर्जन आपल्याच पापाने मरतो, हा जो दिलासा कथा देते, तो या ठिकाणी घेऊ नये असे मला वाटते.

यंदा मे महिन्यात वाचनालयात जाऊन ती जुनी प्रत मागितली. नवा पुठ्ठा बांधलेला आहे, पाने तीच. माझ्या पेन्सिलच्या रेघा अजून दिसतात. सभा, मोर्चे, मोटाररस्ते, ऑलिंपिक, पॅरिस. जिथे जिथे 'त्याने' आहे तिथे रेघ, काही ठिकाणी दुहेरी. मार्च १९३३ च्या मजकुराजवळ एकही रेघ नाही. वडील जाऊन अकरा वर्षे झाली, मागही मोडीत गेला. मी प्रत घरी नेतो म्हणालो. पोरगेल्या ग्रंथपालाने वहीत नोंद केली आणि पंधरा दिवसांचा शिक्का मारला.